सोलापूरच्या गच्चीवर पपायरस कसं वाढवायचं

नळाला काही दिवसांआड पाणी येतं त्या गावात पाणथळीतलं झाड लावायचं म्हटल्यावर घरचे आधी नाहीच म्हणतात. पण पपायरसला वाहतं पाणी लागत नाही, साचलेलं लागतं. पाण्याच्या दिवशी पिंपं भरतो तसाच याचाही टब भरायचा.

आधी रोप नीट ओळखा. नर्सरीत पपायरस मागितलं की पुष्कळदा अम्ब्रेला पाम हातात देतात. त्याच्या दांड्याच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी चपटी पानं असतात. पपायरसला हिरव्या दोऱ्यांचा झुबका असतो आणि दांडा बोटांत फिरवला की तीन कडा स्पष्ट लागतात. दोन्ही लव्हाळ्याच्याच कुळातली, दोन्हींची निगा जवळपास सारखी. पपायरस मूळचं आफ्रिकेतल्या दलदलीतलं. नाईलकाठी ते 4-5 मीटर वाढतं, कुंडीत त्यापेक्षा बरंच कमी.

लावायला जून सगळ्यात चांगला. बारा इंची, भोकाची कुंडी घ्या आणि ती बिनभोकाच्या मोठ्या टबात ठेवा. मातीसाठी लांब जाऊ नका, आपली काळी मातीच भरा. एरवी कुंडीत ही माती नकोशी असते, वाळली की भेगा आणि भिजली की चिखल. पपायरसला तो चिखलच हवा. त्यात दोन मुठी चांगलं कुजलेलं शेणखत पुरे, जास्त झालं तर पाणी हिरवं होतं आणि वास मारतं. कंद आडवा ठेवा, कोंब वर राहू द्या आणि मातीवर बोटभर खडी पसरा, म्हणजे पाणी ओतताना माती उठत नाही. मग टबात इतकं पाणी भरा की ते खडीच्या जेमतेम वर येईल.

जागा सकाळच्या उन्हाची. झाड उन्हाचंच आहे, पण सोलापूरचं एप्रिल-मे महिन्यातलं दुपारचं ऊन आणि गरम वारा त्या नाजूक झुबक्याला सोसत नाही, टोकं करपतात. दुपारी भिंतीची सावली पडेल असं बघा, नाहीतर हिरवी जाळी बांधा.

पहिल्या वर्षी मी हे साध्या भोकाच्या कुंडीत लावलं आणि मे महिन्यात चार दिवस गावाला गेले. परतले तेव्हा सगळे दांडे गवतासारखे वाळले होते. फार वाईट वाटलं. दांडे बुडापासून कापले आणि कुंडी पाण्यात बसवून ठेवली. तीन आठवड्यांनी खडीतून सुईसारखं हिरवं टोक वर आलं. कंदात ओल असेल तर झाड परत येतं, तेव्हा घाईने टाकून देऊ नका.

डासांचं मात्र गांभीर्याने घ्या. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्या-दहा दिवसांत तयार होतो. म्हणून दर आठवड्याला टब पूर्ण रिकामा करून आतून घासा आणि नवं पाणी भरा. काढलेलं पाणी जास्वंदीला घाला, वाया जात नाही. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी टबात चालेल. आरओचं टाकाऊ पाणी नको, कारण त्यात क्षार असतात. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसेल, तेव्हा पावसाळ्यात एकदा माती भरपूर धुऊन काढा.

पिवळा पडलेला दांडा पुन्हा हिरवा होत नाही. तो बुडाशी कापा, नवे फुटवे जोमाने येतात. कापलेला तुकडा जरा बघा, आत पांढरा, स्पंजासारखा, ओलसर गर असतो. प्राचीन इजिप्तमध्ये त्याच्याच पट्ट्या आडव्या-उभ्या रचून, दाबून, वाळवून लिहायचे ताव करत. घरी मुलांना हे दाखवताना मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

दोन-तीन वर्षांत कुंडी गच्च भरते. तेव्हा गड्डा बाहेर काढून धारदार सुरीने भाग करा, प्रत्येक भागाला दोन-तीन फुटवे ठेवा. अम्ब्रेला पामचा शेंडा पाण्यात उलटा ठेवला तरी मुळं धरतो, पण पपायरससाठी कंदाचे भागच खात्रीचे. जास्तीची रोपं शेजारी द्या. तलावात किंवा ओढ्यात मात्र टाकू नका, एकदा काठ धरला की ते आवरत नाही.