खोक्यावरचा आकडा आणि न सुटलेला नट

आयटीआयमधला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपवून मी रत्नागिरीजवळच्या एका गॅरेजमध्ये लागलो, आणि पहिल्या सहा महिन्यांच्या पगारातून साठवलेल्या पैशांची बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन, म्हणजे आतल्या हातोड्याच्या ठोक्यांनी नट फिरवणारे यंत्र, घेतली. ऑनलाइन घेतली, स्वस्त घेतली, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले ‘१२०० न्यूटन-मीटर’ व व्होल्टसारखा वाटणारा ‘१२८ व्हीएफ’ हे दोन आकडे पाहून घेतली. आज ती आठवण लिहितानाही मला स्वतःचा राग येतो, कारण वर्गात टॉर्क (नट फिरवणारा पिळाचा जोर, जो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात) म्हणजे काय हे मी दोन वर्षे शिकलो होतो आणि खरेदीच्या वेळी त्यातले काहीही वापरले नव्हते.

पावसाळ्यात एक जुनी वॅगन आर पुढच्या चाकाचे बेअरिंग बदलण्यासाठी आली. ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) नटाची खाचेत दाबलेली कड मी छिन्नीने उचलली, गंज सोडवणारे तेल मारले, गोटी (नटावर बसणारे सॉकेट) बसवली आणि गन चालू केली. चार-पाच मिनिटे ती नुसती खडखडत राहिली, अंगाने तापली, आणि नट होता तिथेच होता. समुद्राच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचा नट जाम असणारच, हे मान्य. उस्ताद शांतपणे म्हणाले, “ठेव ती खाली, आणि पाइप आण.” टॉमीवर, म्हणजे गोटी फिरवायच्या दांड्यावर, पाइप चढवून मी जोर दिला आणि दुसऱ्याच झटक्याला नट सुटला.

त्या रात्री मी हिशेब केला. पाइप धरून साधारण तीन फूट, म्हणजे ०.९ मीटर लांबीचा दांडा, आणि त्याच्या टोकावर माझा फार तर चाळीस किलोंचा भार. चाळीस गुणिले ९.८ गुणिले ०.९, म्हणजे सुमारे ३५० न्यूटन-मीटर. झटक्यामुळे क्षणभर थोडा अधिक धरला तरी तो १२०० च्या जवळपासही जात नाही. जो नट एवढ्यावर सुटतो तो माझ्या गनला हलवता आला नाही, याचा अर्थ खोक्यावरच्या आकड्याचा आणि आतल्या यंत्राचा काहीही संबंध नव्हता.

या सापळ्याविषयी मी जरा जास्तच लिहिणार आहे. विश्वासार्ह कंपन्या टॉर्कचे दोन आकडे वेगवेगळे देतात: एक नट आवळण्याचा आणि दुसरा जाम नट सोडवण्याचा. मकिताच्या डीटीडब्ल्यू ३०० या मॉडेलचे आकडे ३३० आणि ५८० आहेत, तर डीटीडब्ल्यू १००२ या थोराड मॉडेलचे १००० आणि १६००. ज्या खोक्यावर एकच भलामोठा आकडा आहे आणि तो कशाचा हे लिहिलेले नाही, ते खोके परत ठेवावे. व्होल्टचे तर याहून सोपे आहे. लिथियम-आयनचा एक सेल पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो आणि त्याचे सरासरी व्होल्टेज ३.६ धरतात. असे पाच सेल एकामागे एक जोडले की सरासरी १८ आणि पूर्ण चार्जला २१ व्होल्ट होतात, म्हणून १८, २० आणि २१ व्होल्टच्या बहुतेक बॅटऱ्या मुळात त्याच पाच सेलच्या असतात. माझ्या ‘१२८ व्हीएफ’च्या बॅटरीला मल्टिमीटर लावला तेव्हा तो २०.६ वर थांबला. मग मी ती उघडली, तर आत पाच सेलची एकच रांग होती. गनवर खरा भार आला की ती एकदम पुष्कळ करंट मागते; एकेरी रांगेतल्या साध्या सेलना तो पुरवता येत नाही, व्होल्टेज खाली बसते, आतला हातोडा मंद फिरतो आणि ठोक्यातला जीव जातो. त्याच व्होल्टची चार-पाच अँपिअर-तासांची, दुहेरी रांगेची बॅटरी लावली तर तीच गन वेगळी वाटते. त्यामुळे गनची किंमत पाहताना बॅटरीसकट पाहावी आणि दुकानात मल्टिमीटर घेऊन जाण्याची लाज बाळगू नये.

एवढे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. लहान-मध्यम गाड्यांच्या चाकांचे नट साधारण ८५ ते १३० न्यूटन-मीटरला आवळलेले असतात, आणि सस्पेन्शनच्या कामासह रोजचे बहुतेक काम चार सुती (अर्धा इंची) चौकोनाच्या, खरोखर पाचशे-सहाशे न्यूटन-मीटरने सोडवणाऱ्या, ब्रशलेस (मोटरीत घासणारे ब्रश नसलेल्या) गनवर निघते. पाव इंची षटकोनी तोंडाचा इम्पॅक्ट ड्रायव्हर स्क्रूसाठी असतो. त्याला अडॅप्टर लावून चाके खोलण्याचा जुगाड मी करून पाहिला आहे आणि तुम्ही करू नये. लांब एक्स्टेन्शनही ठोक्याच्या वेळी स्प्रिंगसारखे पिळते आणि त्यात जोर मुरतो. गोट्या मात्र काळ्या, इम्पॅक्टच्याच घ्याव्यात, कारण चकचकीत क्रोमची गोटी फुटली तर तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. यावर मी चर्चा करत नाही.

जागा ठरलेली असेल आणि विजेचा भरवसा असेल, तर वायरची २३० व्होल्टची गन हा वाईट पर्याय नाही. ती जड असते, पण बॅटरीचे रडगाणे नसते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको, म्हणून मी त्या वाटेने गेलो नाही.

आवळण्याबाबत माझे उस्तादांशी अजून पटत नाही. “बोटांना कळतं रे,” असे ते म्हणतात, आणि त्यांच्या बोटांना तीस वर्षांनी कळतही असेल. माझ्या बोटांना कळले नव्हते, आणि एका गिऱ्हाइकाच्या चाकाचा स्टड (ज्यावर नट बसतो तो बोल्ट) मी गननेच आवळून तोडला. वर दिलेला आवळण्याचा आकडा पाहा: ३३० म्हणजे चाकाच्या नटाला लागणाऱ्या टॉर्कच्या अडीच ते जवळजवळ चौपट. नवख्याने नट हाताने आट्यात धरून फिरवावा, गन लावायचीच तर सर्वांत कमी वेगावर ठेवून नट टेकताच थांबावे, आणि शेवट गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाहून टॉर्क रेंचनेच (ठरवलेल्या टॉर्कला आवळल्याचे सांगणाऱ्या पान्यानेच) करावा. गन आणि टॉर्क रेंच दोन्ही एकदम परवडत नसतील तर आधी टॉर्क रेंच घ्यावा. सोडवायला पाइप आहेच.

दुसरी गन मी आठ महिन्यांनी घेतली, हातात धरून, दुकानदाराच्या बॅटरीने दुकानाबाहेरच्या टेम्पोचा नट त्याच्या चालकाच्या परवानगीने सोडवून पाहून. जुनी अजून माझ्या पेटीत आहे. बंपर आणि मडगार्डचे बोल्ट काढायला ती व्यवस्थित चालते.