रात्री तोटी बारीक सोडून झोपा

दिवाळीत मी लातूरला आले की औसा रोडच्या घरी परदेशी निघालेली पोरं भेटायला येतात. यंदा तिघं आली, एक उदगीरचा आणि दोघी लातूरच्याच. तिघंही जानेवारीत कॅनडातल्या विनिपेगला चालली आहेत. जॅकेट कोणतं घ्यावं, बूट इथून न्यावेत का, काळा मसाला किती चालतो, सगळं विचारून झालं. घरातल्या पाण्याच्या पाइपबद्दल मात्र कुणी विचारलं नाही. 2013 साली तिकडंच निघताना मीही विचारलं नव्हतं, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याचा फटका बसला. म्हणून त्यांना सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते.

आपल्याकडं परभणीचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की पेपरात बातमी येते. विनिपेगला जानेवारीत उणे 25, उणे 30 असं चालूच असतं. घरात फर्नेसची, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीची, ऊब असते, त्यामुळं माणसाला घरात थंडी कळत नाही. पण बाहेरच्या भिंतीतून, तळघराच्या कोपऱ्यातून, सिंकखालच्या बंद कपाटातून जाणाऱ्या पाइपला ती ऊब पोचत नाही. पाइप गोठतात ते तिथं.

पाण्याचा बर्फ झाला की तो साधारण 9 टक्के फुगतो. पाइपमध्ये एका जागी बर्फाचा बूच बसतो आणि वाढत जातो. पुढं तोटी बंद असेल, तर बूच आणि तोटी यांच्यामधलं पाणी कोंडतं. त्याला जायला वाट नसते, दाब वाढत राहतो आणि तांब्याचा पाइपसुद्धा जमीन उलावी तसा उलतो. बऱ्याचदा जिथं बर्फ आहे तिथं न फुटता तो थोडा पुढंच फुटतो. आणि फुटलेलं लगेच कळत नाही, कारण बर्फाचा बूच पाणी अडवून धरतो. बर्फ वितळला की धार सुरू होते.

आपल्या माणसाला इथं एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. लातूरला नळ आठ-आठ दिवसांनी येतो, तास-दोन तास राहतो आणि जातो. पाइप फुटला तरी नळ गेला की गळती थांबते. तिकडं पाणी चोवीस तास, पूर्ण दाबानं असतं. तुम्ही कामावर गेलात आणि पाइप उलला, तर परत येईपर्यंत पाणी वाहतच राहतं. म्हणून घराची किल्ली हातात पडली त्याच दिवशी मेन कॉक कुठं आहे ते घरमालकाला दाखवायला सांगा. बहुतेक घरांत तो तळघरात मीटरपाशी असतो. दांडीचा कॉक असेल तर दांडी पाइपला समांतर म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. एकदा स्वतःच्या हातानं फिरवून बघा. जुना गोल चाकाचा कॉक कधीकधी गंजून अडकलेला असतो. तो फिरत नसेल तर तेव्हाच सांगा, पाणी गुडघ्याला लागल्यावर नाही.

आता तोटीचं. कडाका पडणार असं हवामान खात्यानं सांगितलं की घरातली, पण बाहेरच्या भिंतीला लागून असलेली थंड पाण्याची तोटी रात्री बारीक सोडायची. थेंबामागून थेंब पडत राहिला पाहिजे. त्या भिंतीतून गरम पाण्याचाही पाइप जात असेल तर तीही तोटी तशीच सोडायची. हलतं पाणी लवकर गोठत नाही, आणि गोठलंच तरी कोंडलेल्या पाण्याला वाट मोकळी राहते.

ऐकायला सोपं आहे, पण आपल्या हाताला ते जमत नाही, मला माहीत आहे. गळती तोटी दिसली की आपण उठून पिळतो, वायसर बदलतो, खाली भांडं लावतो. जानेवारी 2016 मध्ये एका रात्री मी आईशी फोनवर बोलत होते आणि स्वयंपाकघरात पाणी ठिबकत होतं. आईला तो आवाज ऐकू गेला. “कोणती तोटी उघडी ठेवलीस गं माय? पाणी वाहू लालंय की,” ती म्हणाली. त्या दिवसांत तिच्या दारात टँकरची वाट बघणं चालू होतं. पुढं 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. तिला बर्फाचं सगळं समजावून सांगितलं तरी फोन ठेवल्यावर माझा हात तोटीकडं गेला. मी बंद केली नाही. सिंकमध्ये पातेलं ठेवलं आणि सकाळी त्या पाण्यात डाळ शिजवली. आजही तसंच करते. तुम्हीही भांडं ठेवा, पण तोटी पिळू नका.

माझ्या पहिल्या हिवाळ्याची चूक याच सवयीतून झाली. बिल वाचावं म्हणून कामावर जाताना फर्नेसचं तापमान मी फार खाली नेलं, आणि बाहेरच्या भिंतीचं बाथरूम दार लावून बंद ठेवलं. संध्याकाळी तोटी उघडली तर पाणी नाही. आपल्याकडं नळाला पाणी नसलं की तोटी बंद करून ठेवतात, कारण नळ कधी येईल आणि घरभर वाहील सांगता येत नाही. मी तेच केलं आणि झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या मजल्यावरची बाई दार ठोठावत आली, तिच्या छतातून पाणी पडत होतं. तिचा पलंग, पुस्तकं, मुलाची दप्तरं भिजली. त्या बाईचा चेहरा मी विसरलेले नाही.

म्हणून तोटीतून पाणी येईना किंवा अगदी करंगळीएवढी धार येऊ लागली, की ती उघडीच ठेवा. घरमालकाला लगेच फोन करा, मध्यरात्र असली तरी. भाड्याच्या घरात पाइपची जबाबदारी बहुधा त्याची असते, आणि उशिरा कळवलं तर वाद तुमच्या अंगावर येतो. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडा, घराची ऊब आत जाऊ द्या. पाइप हाताशी असेल तर गरम पाण्यात पिळलेले टॉवेल गुंडाळा किंवा हेअर ड्रायर फिरवा. तोटीकडून सुरू करून बर्फाकडं जायचं, म्हणजे वितळलेलं पाणी तोटीतून बाहेर पडतं. जमिनीवर पाणी असेल तर ड्रायर हातात घेऊ नका. पाइपला तडा दिसला तर आधी मेन कॉक बंद. अर्धा तास लागेल, कधी दोन-तीन तासही लागतील. घाई करून मेणबत्ती, लायटर, गॅसची ज्योत पाइपला लावायची नाही. भिंती लाकडाच्या असतात, आतल्या आत पेट घेतात.

आणि हात जोडून सांगते, कितीही थंडी असली तरी बंद घरात कोळशाची शेगडी पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

सुट्टीत लग्नकार्याला इकडं येताना फर्नेस बंद करून येऊ नका. 13 अंशांच्या खाली तर कधीच नेऊ नका, मी 15 वर ठेवते. स्वतंत्र घर असेल तर मेन कॉक बंद करून सगळ्या तोट्या उघडा आणि पाइप रिकामे होऊ द्या. ओळखीच्या कुणाला तरी घरात चक्कर मारायला सांगा. हिवाळ्यात घर रिकामं असेल तर नियमित बघून जाण्याची अट बऱ्याच विमा पॉलिसींत असते, तुमच्या पॉलिसीत काय आहे ते निघण्याआधी वाचा. अंगणातल्या नळाची रबरी नळी मात्र ऑक्टोबरमध्येच काढून ठेवायची.

टेक्सासला चाललेल्यांनी आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नये. फेब्रुवारी 2021 मध्ये तिथं वीज गेली आणि असंख्य घरांत पाइप फुटले. तिथले पाइप बरेचदा माळ्यावरून उघडे जातात. अशा उघड्या पाइपला उणे 7 अंशसुद्धा पुरतात. त्यांना फोमचं आवरण घालून घ्या, ते महाग नसतं.

विनिपेगकरांसाठी आणखी एक. मार्चमध्ये ऊन पडू लागतं आणि वाटतं, सुटलो. पण तेव्हाही थंडी जमिनीत खोल उतरत असते, आणि रस्त्यातून घराकडं येणारा पाइप गोठू शकतो. 2014 च्या हिवाळ्याअखेरीस शहरात अशी बरीच घरं कोरडी पडली होती. घरात कुठल्याच तोटीला पाणी नसेल तर महापालिकेच्या 311 वर फोन करा. तुमच्या घराला धोका आहे असं महापालिकेनं कळवलं, तर पेन्सिलीएवढी धार दिवसरात्र सोडायला सांगतात. तेव्हा थेंबानं भागत नाही. बाहेर बर्फ वितळून चिखल झाला तरी त्यांनी सांगेपर्यंत ती तोटी बंद करायची नाही.