सॉफ्टवेअर लायब्ररीत कॉम्प्रेशनची अंगभूत सोय कशी करावी

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातील अनेक चमूंकडे नोंदी साठवणारी आणि सर्व्हरकडे पाठवणारी स्वतःची लायब्ररी असते. तिच्यात कॉम्प्रेशन, म्हणजे डेटा दाबून लहान करण्याची सोय, आणण्याचा विषय निघाला की चर्चा झेडलिब घ्यावी की झेडस्टँडर्ड, या दोन तयार कॉम्प्रेशन लायब्रऱ्यांवरच अडकते. माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. आधी साठवणीचे स्वरूप ठरवावे, कारण अल्गोरिदम पुढे बदलता येतो, पण वापरकर्त्यांकडे पोहोचलेल्या फाइली परत बोलावता येत नाहीत.

म्हणून डेटाच्या प्रत्येक खंडाच्या आरंभी छोटे हेडर, म्हणजे ओळखमाहितीचा भाग, ठेवावे आणि त्यात ओळखीचे ठरावीक बाइट, स्वरूपाची आवृत्ती, पद्धतीचा क्रमांक, मूळ लांबी व चेकसम (डेटा बिघडला का हे पडताळणारा आकडा) लिहावा. जीझिप या प्रचलित कॉम्प्रेशन स्वरूपाच्या फाइली १एफ ८बी या (षोडशमान पद्धतीत लिहिलेल्या) बाइटांवरून ओळखू येतात. आपले बाइट मात्र जुन्या स्वरूपाच्या आरंभी कधीच येऊ शकणार नाहीत असे निवडावेत, म्हणजे हेडर नसलेल्या जुन्या फाइलीही बिनचूक वाचल्या जातील. क्रमांक ० हा 'कॉम्प्रेशन नाही' यासाठी राखावा, कारण जेपेग चित्र किंवा अगदी लहान नोंद कॉम्प्रेस केल्यावर उलट फुगू शकते आणि तेव्हा मूळ बाइट जसेच्या तसे लिहिणेच योग्य असते.

यानंतर पद्धत निवडावी. १९९५ पासूनची झेडलिब जवळजवळ सर्वत्र उपलब्ध आहे, मात्र तिची डिफ्लेट पद्धत मागच्या ३२ किलोबाइटमधीलच पुनरावृत्ती शोधते. फेसबुकने २०१६ मध्ये खुली केलेली झेडस्टँडर्ड नव्या कामासाठी मला अधिक पसंत आहे, कारण लहान व एकसारख्या नोंदींसाठी तिला नमुन्यांवरून शब्दकोश, म्हणजे वारंवार येणाऱ्या तुकड्यांचा संग्रह, तयार करून देता येतो. तो शब्दकोश मात्र त्याच्या आधारे लिहिलेला डेटा असेपर्यंत जपावा लागतो. आकार किती घटतो याची मोजणी आपल्याच डेटावर करावी. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि त्यांतील पहिला नेहमी तोच, तर दुसरा ठरावीक दोनांपैकीच एक असतो, त्यामुळे मराठी मजकुराचा आकडा इंग्रजीपेक्षा वेगळा येतो.

प्रसिद्ध करण्याचा क्रम चुकवू नये: एका आवृत्तीत फक्त वाचण्याची क्षमता द्यावी आणि ती सगळीकडे पोहोचल्यावरच पुढच्या आवृत्तीत कॉम्प्रेस करून लिहिणे सुरू करावे.

वाचताना हेडरमधील लांबीवर विसंबून मेमरी राखू नये. डिफ्लेटचा डेटा उलगडताना हजारपट वाढू शकतो, म्हणून लायब्ररीने कमाल मर्यादा घालावी आणि ती ओलांडताच त्रुटी द्यावी. एन्क्रिप्शन (डेटा सांकेतिक रूपात लपवणे) करायचे असल्यास कॉम्प्रेशन त्याआधी करावे, परंतु गुप्त टोकन (ओळख पटवणारी गुप्त खूण) आणि बाहेरून आलेला मजकूर एकाच प्रवाहात कॉम्प्रेस करू नये. कॉम्प्रेस झालेल्या डेटाच्या केवळ लांबीवरून गुपित कसे फुटते, हे २०१२ च्या 'क्राइम' नावाच्या हल्ल्याने दाखवून दिले आहे.

ठाणे-वाशी लोकलमधील मोबाइलवरून येणारा प्रवाह मध्येच तुटू शकतो. त्यामुळे रिकामी, एका बाइटची आणि यादृच्छिक फाइल तपासल्यावर एक वैध फाइल प्रत्येक बाइटवर तोडून पाहावी. दरवेळी स्पष्ट त्रुटी मिळाली पाहिजे, अर्धवट डेटा पूर्ण म्हणून कधीही परत येता कामा नये.