चार कलमं कुणी तोडली? रीकोड करताना या चुका टाळा

मे महिन्यात आमच्या पडवीत एका बाजूला आंब्याची अढी असते आणि दुसऱ्या बाजूला प्रबंधाची तारीख उरावर बसलेलं एखादं पोरगं लॅपटॉप उघडून. विषय बदलतो. कधी हर्णैचे मच्छीमार आणि पावसाळी मासेमारी बंदी, कधी देवगडचे बागायतदार आणि फळपीक विमा. प्रश्नावली मात्र ठरलेली: २४ विधानं, ‘पूर्ण असहमत’ला १, ‘पूर्ण सहमत’ला ५, आणि शेवटची आठ विधानं नकारार्थी. त्या आठांचे गुण उलटे करायचे, म्हणजे रीकोड करायचे: १ चे ५, २ चे ४. काम एवढंच, आणि दरवर्षी माती खाल्ली जाते ती इथेच.

आठ प्रश्नांसाठी प्रत्येकी चार ओळी लिहून ३२ ओळींचं कॉपी-पेस्ट करणारे आधी घेऊ. विसाव्या ओळीला चहा येतो आणि प्र२१ च्या अटीत प्र२० तसाच राहतो. एरर येत नाही, कारण कोडचं व्याकरण बरोबर असतं. अरे, स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधल्या रीकोड आज्ञेला एका दमात हवे तेवढे व्हेरिएबल, म्हणजे कॉलम, देता येतात:

रीकोड प्र१७-प्र२४ (१=५) (२=४) (४=२) (५=१), प्रीफिक्स(उ_)

एक ओळ, झालं. प्रीफिक्समुळे उलटे गुण उ_ ने सुरू होणाऱ्या नव्या कॉलमांत जातात. ३ चा उल्लेख नाही, तो जागच्या जागी राहतो. तीच आज्ञा फिरवून फिरवून चालवणारं लूपसुद्धा लागत नाही, तरी काहींना फॉरईच लूप लिहिल्याशिवाय आपण प्रोग्रामर झालो असं वाटत नाही.

पण याच ओळीतली ती छोटी आडवी रेघ बघा. माझी खरी तक्रार तिच्याबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी देवगडच्या बागायतदारांचा सर्व्हे घेऊन आली. हुशार, कामाला वाघ. अगदी असाच कोड लिहिला होता. गाइडनी सांगितलं होतं म्हणून थोड्या लोकांना फोन करून नोंदी पडताळत होती. एका आजोबांना तिने विचारलं, “तुमचं हापूसचं एकच कलम ना?” पलीकडून आवाज आला, “एक? माझी कलमां पाच. बाकीची चार कोणी तोडली?”

तिला वाटलं नोंद करताना चूक झाली. कागद काढला, कागदावर ५. मूळ फाइलमध्ये ५. कामाच्या फाइलमध्ये १. झालं असं होतं की पडद्यावर बघायला सोपं जावं म्हणून तिने कलमांच्या संख्येचा कॉलम ओढून प्र२० च्या शेजारी ठेवला होता. ‘प्र१७-प्र२४’ म्हणजे १७ ते २४ नंबरचे प्रश्न असं आपण वाचतो. स्टाटा वाचतं: प्र१७ पासून प्र२४ पर्यंत फाइलमध्ये ओळीने जे जे उभं आहे ते सगळं. मध्ये कलमं उभी होती, तीही उलटी झाली. वर नंतर तिने उ_ वाले कॉलम मूळ नावांवर चढवले, त्यामुळे जुना आकडा कामाच्या फाइलमधून गेलाच.

आणि हे दिसणार तरी कसं? दोनशे कलमांचा बागायतदार दोनशेवरच राहिला, कारण नियम फक्त १ ते ५ साठी. किमान तेच, कमाल तेच, सरासरी किंचित हललेली. बिघडले फक्त परसात चार-पाच कलमं असलेले, आणि तिचा प्रबंध नेमका लहान बागायतदारांवर होता. त्या आजोबांनी फोन उचलला नसता तर ते प्रकरण छापून गेलं असतं.

एसपीएसएस आणि आर ही अशीच दुसरी सॉफ्टवेअरं. एसपीएसएसचा ‘टू’ आणि आरमधली दोन टिंबं (:) याच जातीची, जागेवर चालणारी. आरमध्ये नावावर चालणारं नम-रेंज आहे, ते वापरा. स्टाटात मी रीकोडच्या आधी डीएस प्र१७-प्र२४ ही नावांची यादी देणारी आज्ञा चालवतो, आलेली नावं बोट ठेवून मोजतो. आठच्या जागी नऊ आली की थांबायचं. मुलं म्हणतात वेळ जातो. पाच सेकंद जातात. आणि प्रीफिक्स लावून केलेले कॉलम मूळ नावावर कधीही चढवू नका. प्रीफिक्स शोभेसाठी नसतो. जागच्या जागी उलटं केलं आणि घाईत तीच ओळ पुन्हा चालली, की सगळं परत सुलटं होतं आणि तुम्हाला पत्ता नसतो. प्रीफिक्स असेल तर दुसऱ्यांदा स्टाटा स्वतःच अडवतं, हे नाव आधीच आहे म्हणून.

रीकोडऐवजी एकेका ओळीत एकेक किंमत बदलणाऱ्या रिप्लेसचीच हौस असेल तर एवढं लक्षात घ्या: आधी १ चे ५ केले आणि पुढच्या ओळीत ५ चे १, तर मघाशी झालेले ५ पण परत १ होतात. २ आणि ४ चं तेच. शेवटी उरतात १, २ आणि ३. रीकोड सगळे नियम मूळ किमतीवर एकदम लावतं, म्हणून तिथे हा घोळ नाही. गुण सहातून वजा करणं त्याहून सोपं, पण ‘माहीत नाही’साठी भरलेले ९९ आधी काढा, नाहीतर उणे ९३ गुणांचा बागायतदार जन्माला येतो.

ते ९९ काढताना, ठरलेल्या आकड्याची रिकामी जागा करणाऱ्या एमव्हीडीकोड आज्ञेला फक्त प्रश्नांची नावं द्या. सगळ्या फाइलवर चालवलं तर ज्याची खरोखर ९९ कलमं आहेत त्याचा आकडाच पुसला जातो.

स्टाटात रिकामी जागा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी धरली जाते. ‘प्र५ > ३’ लिहिलंत की उत्तर न देणारेही सहमत.

एसपीएसएसमध्ये नव्या कॉलमात रीकोड करताना ज्या किमती नियमात नाहीत त्या रिकाम्या होतात. एल्स=कॉपी लिहा. स्टाटातून तिकडे गेलेले इथे हमखास आपटतात.

आरमध्ये फॅक्टरचा, म्हणजे पर्यायांच्या पायऱ्या असलेल्या कॉलमचा, थेट न्यूमेरिक (आकडा) केला तर किंमत नाही, पायरीचा क्रमांक मिळतो. आधी कॅरेक्टर (मजकूर), मग न्यूमेरिक.

“पण अल्फा चांगला आला, सर.” अल्फा म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात याचं माप. येणारच. स्टाटाचा अल्फा उलट्या विधानांची चिन्हं स्वतःच फिरवून घेतो. अ‍ॅज-इज (चिन्हं फिरवू नको सांगणारा पर्याय) लावून पुन्हा काढ आणि मग मला दाखव.

राहिली लेबलं, म्हणजे आकड्यांना दिलेली ‘पूर्ण सहमत’सारखी नावं. उ_ कॉलमांना ती आपोआप येत नाहीत. लेबल व्हॅल्यूज उ_* उलट_सहमती, एवढी एक ओळ पुरते. मात्र उलट केल्यावर ५ चा अर्थ ‘पूर्ण असहमत’ होतो, तेव्हा ‘सहमती’ नावाचं जुनंच लेबल चिकटवू नका, नवीन बनवा.