‘म्हणे’ला इंग्रजीत काय म्हणायचं? सिद्ध न झालेली गोष्ट लिहिण्याची रीत

मराठीत एक ‘म्हणे’ टाकला की काम भागतं. ‘तो म्हणे डॉक्टर आहे’, ‘त्यांनी म्हणे पैसे खाल्ले’, ‘हे पत्र म्हणे पेशव्यांच्या दप्तरातलं आहे’. बोलणारा हमी घेत नाहीये हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. इंग्रजीत या तीन वाक्यांना तीन वेगळे शब्द लागतात, आणि ते एकमेकांच्या जागी टाकले तर अर्थ बिघडतो. कधी कधी कुणाची तरी अब्रूही जाते.

सुरुवात ‘डाउट’पासून करा, कारण आपण सगळ्यात जास्त तिथेच चुकतो. ‘त्यानेच पैसे घेतले अशी मला शंका आहे’ असं आपण सहज म्हणतो. तेच इंग्रजीत ‘आय डाउट ही टुक द मनी’ असं उतरवलं की अर्थ नेमका उलटा होतो: त्याने पैसे घेतले असतील असं मला वाटत नाही. एका सोसायटीच्या दुरुस्ती निधीबद्दलच्या तक्रार अर्जात मी हेच वाक्य वाचलं आहे. अर्ज खजिनदाराविरुद्ध होता आणि वाक्य खजिनदाराची बाजू घेत होतं. तिथे ‘सस्पेक्ट’ हवा होता. मनात ‘असेल’ असेल तर सस्पेक्ट, ‘नसेल’ असेल तर डाउट. आणि वर्गात किंवा मीटिंगमध्ये आपण म्हणतो ते ‘आय हॅव अ डाउट’ इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला अविश्वासासारखं ऐकू येतं. तिथे सरळ ‘क्वेश्चन’ म्हणा.

दुसरं काम, गोष्ट कोण म्हणतंय ते शोधा. बोलणारा माहीत असेल तर बहुतेक वेळा ‘सेड’ पुरतो. ‘क्लेम्ड’ हा त्याचा पर्यायी शब्द नाही, त्यात संशयाचा वास आहे. ‘शी सेड शी वॉज इन पेन’ म्हणजे तिला दुखत होतं असं ती म्हणाली. ‘शी क्लेम्ड’ लिहिलं की दुखत असल्याचं ती सांगते, खरं-खोटं देव जाणे. अमेरिकेत डॉक्टरांच्या नोंदींच्या भाषेवर संशोधन झालं आहे, त्यात ‘क्लेम्स’ हा रुग्णावर अविश्वास दाखवणारा शब्द धरला आहे. एका क्रियापदाने एवढं होतं. म्हणून तोच तोच शब्द नको, एवढ्याच कारणासाठी ‘सेड’ काढून ‘क्लेम्ड’ घालू नका.

बोलणारा माहीत नसेल आणि तुम्ही फक्त ऐकलं-वाचलं असेल तर ‘रिपोर्टेडली’ किंवा ‘अपॅरंटली’. घरगुती बोलण्यात ‘म्हणे’च्या सगळ्यात जवळचा शब्द ‘अपॅरंटली’च. ‘अपॅरंटली ही इज अ डॉक्टर’ यात टोमणा नाही, फक्त ‘मी ऐकलं आहे’ एवढंच आहे. ‘सपोजेडली’ मात्र एक पाऊल पुढे जातो, त्यात लिहिणाऱ्याला ते पटलेलं नाही हे दिसतं. ‘सो-कॉल्ड’ म्हणजे आपलं ‘तथाकथित’, तेवढंच बोचरं. ज्याच्याशी उद्या बोलायचं आहे त्याला लावू नये.

आता ‘अलेज्ड’ आणि ‘अलेजेडली’. हे शब्द आरोपाचे. गुन्हा किंवा गैरकृत्य असेल आणि ते अजून शाबीत झालं नसेल तरच वापरायचे. युनेस्कोने ‘जन गण मन’ला जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याला ‘अलेजेडली’ लावणं चूक, कारण त्यात कुणाचा अपराध नाही. ‘अलेजेडली अक्यूज्ड’ही चूक. आरोप झाला ही घडलेली गोष्ट आहे, शंका आहे ती आरोपातल्या कृत्याबद्दल. शिवाय हा शब्द चिलखत नाही. कुणीतरी केलेली बदनामी तुम्ही ‘अलेजेडली’ लावून पुन्हा लिहिली, तरी भारतीय न्याय संहितेचं कलम 356 तुमच्यापर्यंत पोहोचू शकतं. आरोप कुणी केला, कुठे केला, हे लिहिलेलं केव्हाही बरं: पोलिसांनी म्हटलं, तक्रारीत नोंदवलं.

पेशव्यांच्या दप्तरातल्या त्या पत्राला शब्द आहे ‘पर्पोर्टेड’. एखादी वस्तू किंवा कागद स्वतःला अमुक म्हणवतो तेव्हा तो वापरतात. 1983च्या एप्रिलमध्ये ‘श्टेर्न’ या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिशा सापडल्याचं जाहीर केलं. साठेक वह्या, त्यांच्यासाठी मोजलेले नव्वद लाखांहून जास्त मार्क, आणि जगभर गवगवा. त्या दिवसांत इंग्रजीत त्यांना ‘पर्पोर्टेड डायरीज’ म्हणणं रास्त होतं. मे महिन्यात जर्मन केंद्रीय अभिलेखागाराने निकाल दिला. कागदात शुभ्रपणासाठी घातलेलं रसायन महायुद्धानंतरच वापरात आलेलं होतं. रोजनिशा कोनराड कुयाऊ नावाच्या माणसाने लिहिल्या होत्या. त्या दिवसापासून ‘पर्पोर्टेड’ संपलं आणि ‘फोर्ज्ड’ सुरू झालं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शंकेचे शब्द अजून न ठरलेल्या गोष्टींसाठी आहेत. खोटं ठरलेल्याला ‘अनप्रूव्हन’ म्हणत राहिलं तर त्याला उगाच जीवदान मिळतं. राष्ट्रगीताच्या त्या मेसेजलाही ‘सपोजेडली’ची गरज नाही. तो ‘फॉल्स’ आहे.

विज्ञानात आणि कायद्यात ‘प्युटेटिव्ह’ भेटेल, म्हणजे तूर्त तसं मानलेलं. तो तिथेच शोभतो. ‘अपॉक्रिफल’ हा प्रसिद्ध पण आधार नसलेल्या किश्श्यांसाठी. भुकेल्या लोकांना ब्रेड नसेल तर केक खा असं फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत म्हणाली, हा त्यातलाच.

शब्द निवडला की वाक्यात तो एकदाच ठेवा. ‘रिपोर्टेडली’, ‘मे हॅव’ आणि ‘अलेज्ड’ एकाच वाक्यात आले की वाचणाऱ्याला वाटतं लिहिणारा काहीतरी लपवतोय.

आणि पाठवण्याआधी एकदा बघा की शंकेचा शब्द मुळात लागतोय का. त्या सोसायटीच्या अर्जात शेवटी ‘डाउट’ गेला आणि ‘सस्पेक्ट’ही गेला. अर्जदाराला जे खात्रीने माहीत होतं तेवढंच उरलं: ‘वुई हॅव नॉट बीन शोन द रिसीट्स’. पावत्या आम्हाला दाखवलेल्या नाहीत.