साखळी गोष्टीचा कापूसकोंडा का होतो? या चुका टाळा

‘कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’
‘सांग.’
‘सांग काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’

या खेळात समोरच्याचा शब्द अचूक उचलला जातो, पण त्याच्या हाती पुढे काहीच पडत नाही. म्हणून दोन मिनिटं धमाल येते आणि पाचव्या मिनिटाला डोकं उठतं. पुस्तकवेड्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांनी पाळीपाळीने एकेक तुकडा जोडून रचलेली साखळी गोष्ट फसते तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं. नाहीतर याच्या बरोबर उलट: नवं ढीगभर आलंय आणि मागच्याचं काहीच उचललेलं नाही. खालच्या बऱ्याचशा चुका या दोहोंपैकी एका बाजूच्या आहेत. उरलेल्या फोनच्या.

हिशेब धरलाय तो १० ते १४ वर्षांच्या ६ ते ८ मुलांचा आणि ग्रुप सांभाळणाऱ्या एका ताईचा किंवा दादाचा. मुलं आठाच्या वर गेली की सरळ दोन गोष्टी सुरू करा. बारा जणांच्या साखळीत आपल्यावर राज्य येईपर्यंत पोरं गोष्टच विसरतात.

सुरुवातीलाच काही न देणं

‘एका गावात राजू नावाचा हुशार मुलगा राहत होता.’ बरं, मग? पुढच्याने काय करायचं? हुशार मुलाचं अजून काहीच बिघडलेलं नाही. पहिला तुकडा ताईने लिहावा आणि त्यात तीन गोष्टी असाव्यात: एक नेमकी जागा, हातात धरता येईल अशी एक वस्तू, आणि न जुळणारं काहीतरी. उदाहरणार्थ:

‘धुक्यामुळे एसटी आंबा घाटात थांबली. कंडक्टरने वेळ जावा म्हणून तिकिटं मोजली. ३९. मग माणसं मोजली. ४०.’

एवढं पुरे. कोण, कुठून चढला, कंडक्टर कसा आहे हे काहीही सांगू नका. ते सांगण्यासाठीच बाकीची मुलं बसलेली आहेत.

गोष्ट ‘मी’ सांगतोय की ‘तो’, आणि ‘गेला’ म्हणायचं की ‘जातो’, हेही याच तुकड्यात ठरून जातं. ते मध्येच बदललं की एसटीतली अर्धी माणसं काल प्रवास करतात आणि अर्धी आज.

दार लावून घेणं

वरच्या सुरुवातीला हमखास येणारा दुसरा तुकडा असा: ‘कंडक्टरला कळलं की एक माणूस चोर आहे. त्याने पोलिसांना फोन केला. पोलिसांनी चोराला पकडलं.’ व्याकरण ठीक, घटना ठीक, आणि गोष्ट संपली. लिहिणाऱ्याला वाटतं आपण पुढे नेली. खरं तर त्याने चाळिसावा माणूस खाऊन टाकला.

नियम एकच सांगा: उचल आणि ठेव. मागच्या तुकड्यातली एक वस्तू, शब्द किंवा कृती उचलायची आणि पुढच्यासाठी एक अडचण ठेवायची. ‘कंडक्टरने बोटाने पुन्हा मोजली. या वेळी ४१ भरली.’ यात मोजणं उचललंय, आकडा ठेवलाय. दोन वाक्यांत काम झालं. प्रश्न सोडवायची फारच खाज सुटली तर सोडवा, पण त्याच तुकड्यात नवा टाका.

मुलांना हे समजावून सांगण्यापेक्षा खेळवून घेणं सोपं. सुरुवातीला दोन मिनिटं कापूसकोंडा खेळा, मग तोच खेळ एका बदलाने: समोरच्याचा शेवटचा शब्द घ्यायचा, पण त्याच्यापुढे स्वतःचं एक वाक्य जोडायचं. फरक आपोआप कळतो.

‘सगळे मेले’

हे येणारच. चौथ्या-पाचव्या तुकड्यात कुणीतरी लिहितं: ‘तेवढ्यात एलियन आले, त्यांनी बॉम्ब टाकला आणि सगळे मेले.’ मोठ्यांचा हात लगेच डिलीटकडे जातो. ॲडमिनला कुणाचाही मेसेज काढता येतो, म्हणून तो काढायलाच हवा असं नाही. तुकडा पुसला की ते मूल गप्प होतं आणि बाकीचेही सांभाळून, बेचव लिहायला लागतात. बॉम्ब टाकण्यामागे बहुतेक वेळा खोडीही नसते. काय लिहावं ते सुचलं नाही की मूल सगळ्यात मोठा आवाज काढतं.

तेव्हा पुढचं राज्य ताईने स्वतःवर घ्यावं आणि तुकडा तसाच ठेवून त्याची जागा बदलावी:

‘“…आणि सगळे मेले,” असं म्हणून चाळिसाव्या माणसाने पुडीतला एक शेंगदाणा तोंडात टाकला. “मागच्या वेळी याच घाटात असं झालं होतं.”’

घटना आता कुणीतरी केलेला दावा झाली. एलियन राहिले, बॉम्ब राहिला, एसटीही राहिली, आणि आधीपेक्षा जास्त भीती वाटायला लागली. ज्याने बॉम्ब टाकला तोच आता पुढचा तुकडा वाचायला सगळ्यांत आधी येईल. ‘ते सगळं स्वप्न होतं’ यावरही असाच उपाय आहे: स्वप्न होतं, मग त्याच्या मुठीत ओलं तिकीट कसं?

लांबी आणि वेळ

एक तुकडा ३ ते ५ वाक्यांचा, ४० ते ६० शब्दांचा. आठ मुलांच्या तीन फेऱ्या म्हणजे २४ तुकडे, साधारण १२०० शब्द. दिवाळी अंकातली एक छोटी गोष्ट. याहून बराच लांब तुकडा व्हॉट्सॲपवर अर्धवट दिसतो आणि खाली ‘आणखी वाचा’ येतं. पुष्कळ मुलं ते दाबतच नाहीत, मग मागचं न वाचता पुढचं लिहितात आणि सांधा तिथेच निखळतो. एखादीला खरंच दोन पानं सुचली असतील तर तिला रागावू नका. तिला म्हणा, त्यातला सगळ्यात चांगला प्रसंग आत्ता दे, बाकीचं तुझ्या वहीत स्वतंत्र गोष्ट म्हणून लिही.

एका राज्याला १२ तास द्या. २४ दिले तर एक फेरी आठ दिवस चालते आणि गोष्ट शिळी होते. वेळ टळली की ‘पास’, विचारणा नाही, टोमणा नाही; पुढच्या फेरीत परत संधी. घटक चाचणीच्या आठवड्यात तर गोष्ट सुरूच करू नका.

दोघांनी एकदम पाठवलं तर? ज्याची वेळ आधीची त्याचा तुकडा ठेवायचा, आणि दुसऱ्याच्या तुकड्यातली एक वस्तू पुढच्याने वापरायचीच. हे टाळायला राज्यांचा क्रम आधीच लिहून पिन करा. पिन ३० दिवसांच्या वर टिकत नाही, तोवर गोष्ट संपलेली असावी.

एक बारीक भानगड: पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो. ‘छत्री’ची ‘काठी’ झाली आणि पुढच्याने छत्री उघडून ठेवली, असं घडतं. म्हणून नवा तुकडा आल्यावर पहिली १५ मिनिटं वाचायची आणि हसायची. लिहायचं त्यानंतर.

गप्पा बंद करणं

गोष्टीच्या मध्ये ‘हाहाहा’, स्टिकर आणि ‘आज डबा काय’ येऊ लागलं की कुणीतरी शहाणा फर्मान काढतो: इथे फक्त गोष्ट. दोन दिवसांत ग्रुप थंड. मुलांना पुढचं सुचतं ते या टवाळक्यांतूनच. ‘४१ वा माणूस म्हणजे कंडक्टरची सावली असेल’ हे कुणीतरी चेष्टेत म्हणतं आणि तिसऱ्या फेरीत तेच गोष्टीचं वळण होतं. म्हणून दोन ग्रुप करा, एक ‘गोष्ट’ आणि एक ‘कट्टा’. पहिल्यात तुकड्याशिवाय काही नाही, दुसऱ्यात कोडी, उखाणे, भेंड्या, काय वाट्टेल ते.

कट्ट्यावर दोन गोष्टी मात्र लगेच थांबवायच्या. ग्रुपमधल्या किंवा वर्गातल्या कुणाचं खरं नाव पात्राला देणं, आणि रंग, अंगकाठी, आडनाव, बोली यांवरून हसणं. इथे वाट पाहू नका. चारचौघांत झापायचंही नाही. मेसेज काढा आणि त्या मुलाशी वेगळं बोला.

शुद्धलेखनाची घाई

‘“पाणि” नव्हे, “पाणी”.’ गोष्ट चालू असताना हा मेसेज म्हणजे टायरमधली हवा काढणं. ऱ्हस्व-दीर्घ शेवटी, सगळी गोष्ट एकत्र केल्यावर बघा. आणि पात्र ‘मला काय बी ठावं नाय’ म्हणत असेल तर ते शेवटीही बदलू नका, ते बरोबरच आहे.

लिपीचं मात्र पहिल्या दिवशी ठरवा. रोमनमध्ये टाइप केलं की ‘पण’ आणि ‘पान’ एकच दिसतात. ‘मळा’, ‘माळा’ आणि ‘माला’ यांचंही तेच. एकाने मळ्यात लपवलेली पेटी दुसरा माळ्यावर शोधतो. गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये इंग्रजी अक्षरं दाबून देवनागरी उमटवायची सोय आहे, ती पालकांकडून चालू करून घ्या. परदेशात वाढणाऱ्या ज्या मुलांना मराठी बोलता येतं पण लिहिता येत नाही, त्यांनी ३० सेकंदांची व्हॉइस नोट पाठवावी आणि ज्याच्यावर पुढचं राज्य आहे त्याने ती लिहून काढावी. लिहिता लिहिता मागचा तुकडा नीट ऐकला जातो, हा वरचा फायदा.

पात्रांची जत्रा

प्रत्येकाला आपलं एक पात्र हवं असतं. पहिल्या फेरीअखेर आठ पात्रं आणि एकालाही काम नाही, अशी गत होते. नाव असलेली पात्रं चारच ठेवा. कोण, कुठे, हातात काय, अशा चार ओळी ताईने रोज नव्याने लिहून पिन कराव्यात. पाचवं हवं असेल तर आधीच्यांपैकी एकाला एसटीतून उतरवावं लागेल.

एखादा तुकडा फारच गुळगुळीत, दोनशे शब्दांचा आणि शेवटी बोध घेऊन आला तर तो चॅटबॉटकडून आलेला असू शकतो. चौकशी समिती नेमू नका. प्रत्येक राज्याच्या वेळी कट्ट्यावरून एक शब्द द्या, ‘खलबत्ता’, ‘गाढवलोळ’ असा काहीतरी, आणि तो आलाच पाहिजे म्हणा. शब्द मजेदार असला की पोरांना स्वतःच खेळावंसं वाटतं.

शेवट आपोआप होईल असं समजणं

होत नाही. सोळाव्या तुकड्यानंतर ‘आता परत फिरा’ असं जाहीर करा. शेवटच्या सहा तुकड्यांत नवं पात्र नाही, नवी जागा नाही. विसाव्या तुकड्यानंतर पहिला तुकडा पुन्हा टाका, म्हणजे तिकिटं मुलांना आठवतात. सगळ्या गाठी सुटायलाच हव्यात असंही नाही. ४१ वा कोण हे कळलं आणि शेंगदाणे कुठून आले ते राहिलं, तरी चालेल.

फोन आणि सुरक्षितता

गायब होणारे मेसेज बंद आहेत ना, ते पहिल्याच दिवशी तपासा. ते ७ दिवसांवर असले तर तिसरी फेरी येईपर्यंत पहिली उडायला लागलेली असते. व्हॉट्सॲपला किमान वय १३ आहे, म्हणून लहान मुलांनी पालकांच्या फोनवरून लिहावं. आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल ही सेटिंग ‘माझे संपर्क’वर ठेवा. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसू शकतात, त्यामुळे अनोळखी माणसाला ‘फक्त वाचायला’ म्हणूनही घेऊ नका.

गोष्ट पुरी झाली की चॅट एक्स्पोर्ट करा, मीडियाशिवाय. साधी टेक्स्ट फाइल मिळते. तिच्यात प्रत्येक मेसेजआधी तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव असतं, आणि ज्यांचे नंबर सेव्ह नाहीत त्यांचे नंबर तसेच्या तसे उमटू शकतात. आधी ते पुसा. मगच फाइल आजीला, शाळेला किंवा छापायला द्या.