जुन्या एडिटिंग संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड निवडताना
व्हिडिओ संपादनाच्या जुन्या संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड घेताना केवळ किंमत आणि मेमरी न पाहता, ते मदरबोर्डवरील स्लॉटच्या किती लेन (डेटा वाहून नेणाऱ्या मार्गिका) वापरते आणि त्यात व्हिडिओ एन्कोडर (तयार व्हिडिओ संकुचित करून त्याची फाइल बनवणारा भाग) आहे का, हे आधी तपासावे. एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे या स्लॉटच्या मानकाच्या, चारच लेन वापरते, त्यामुळे तिसऱ्या पिढीचे पीसीआय एक्सप्रेस असलेल्या मदरबोर्डवर त्याचा डेटा वाहून नेण्याचा वेग चौथ्या पिढीच्या तुलनेत निम्मा होतो. शिवाय त्यात एच.२६४ किंवा एचईव्हीसी या प्रचलित व्हिडिओ स्वरूपांचा एन्कोडरच नसल्याने एक्सपोर्टचा भार जुन्या प्रोसेसरवरच राहतो, आणि संपादकाच्या दृष्टीने ही उणीव मला अधिक गंभीर वाटते. स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंतच वीज मिळते; त्याहून अधिक लागणार असेल, तर पॉवर सप्लायला सहा किंवा आठ पिनांची स्वतंत्र जोडणी हवी.